यशया ९:६ : नाताळच्या अभ्यासवर्गात हे वचन कसं घ्यावं

'आम्हांसाठी बाळ जन्मला आहे' हे जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकातलं वचन मंडळीत सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे वर्ग सुरू होताच 'हे बाळ कोण?' याचं उत्तर तयार असतं, 'येशू!', आणि अभ्यास तिथेच संपतो. ते टाळायचं तर पहिला अर्धा वर्ग येशूचं नाव काढायचं नाही, असं आधीच ठरवून घ्या. एकूण दीड तास धरा.

मराठी पवित्र शास्त्राबरोबर तनाखची (म्हणजे हिब्रू शास्त्राची) एखादी यहुदी आवृत्ती आणि गालीलचा नकाशा जवळ ठेवा. यहुदी आवृत्तीत हे वचन ९:५ आहे, कारण आपलं ९:१ तिथे ८:२३ म्हणून येतं. हे आधी सांगितलं नाही तर अर्धा वर्ग भलतंच वचन वाचत बसतो.

पहिली पंचवीस मिनिटं सातव्या अध्यायापासून पुढच्या इतिहासाला द्या. इ.स.पू. ७३४ च्या सुमारास अरामचा राजा रसीन आणि उत्तरेकडच्या इस्राएलचा राजा पेकह हे दक्षिणेकडच्या यहूदाच्या आहाज राजावर चालून आले. आहाजाने अश्शूरची मदत मागितली. अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याने मदत केली खरी, पण इस्राएलचा उत्तरेचा मुलूखही घशात घातला. आता ९:१ वाचा आणि त्याच मुलुखातले जबुलून, नफताली नकाशावर दाखवा. 'अंधार' म्हणजे ही परकी सत्ता. ९:५ मोठ्याने वाचून घ्या : सैनिकांचे जोडे, रक्ताने माखलेली वस्त्रं, सगळं जाळायला काढलेलं. बाळाचं वचन याच्या लगेच पुढे येतं.

मग विचारा : त्या काळच्या यरुशलेमकराला हा मुलगा कोण वाटला असेल? अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी म्हणतो, आहाजाचा मुलगा हिज्कीया. गणित वर्गालाच करू द्या. २ राजे १६:२ प्रमाणे आहाजाने सोळा वर्षं राज्य केलं. १८:२ प्रमाणे हिज्कीया पंचविसाव्या वर्षी गादीवर आला. म्हणजे बाप राजा झाला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. 'जन्मला आहे' हे त्याला चपखल बसतं. (१६:२ प्रमाणेच आहाज गादीवर बसला तेव्हा वीस वर्षांचा होता, मग तो अकराव्या वर्षी बाप झाला का, असं कुणीतरी हुशार विचारेलच. राजांच्या कालगणनेचा तो वाद जुना आहे; त्यात वेळ घालवू नका.) ख्रिस्ती वाचकाचा आक्षेप पुढच्याच वचनावर आहे : अंत नसलेलं राज्य हिज्कीयाच्या हाती कुठे आलं? इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब दारात उभा राहिला आणि ५८६ मध्ये बाबेलने ती गादीच संपवली.

इथे एक बारीक गोष्ट फळ्यावर काढून दाखवा. हिब्रूतलं 'मेम' हे अक्षर शब्दाच्या मध्ये उघडं आणि शेवटी बंद चौकोनी लिहितात. ९:७ च्या पहिल्याच शब्दात ते मध्येच बंद आहे. तालमूद या यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात (सन्हेद्रिन ९४अ) यावर चर्चा आहे : देवाच्या मनात हिज्कीयाला मशीहा (वचन दिलेला तारणारा राजा) करायचं होतं, पण ते राहून गेलं. या उताऱ्याला मशीहाशी जोडणं ही फक्त ख्रिस्ती कल्पना नाही, हे यातून वर्गाला कळतं.

आता ९:६ मध्ये बाळाला दिलेली नावं. सर्वाधिक वेळ इथे द्या. 'समर्थ देव' म्हणजे 'एल गिब्बोर'. लगेच १०:२१ उघडायला लावा. तेच शब्द तिथे खुद्द परमेश्वरासाठी आहेत. ख्रिस्ती बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. यहुदी उत्तरही तितक्याच सरळपणे सांगा : हिब्रू नावं बहुधा देवाबद्दलची वाक्यं असतात, ती धारण करणारा देव ठरत नाही. राशी तर पहिली सगळी नावं देवाची मानतो आणि 'शांतीचा अधिपती' एवढंच बाळाला देतो. सेप्टुअजिंट या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात 'समर्थ देव' नाहीच. तिथे 'महान मसलतीचा दूत' आहे. आणि नवा करार ९:६ थेट कुठेच उद्धृत करत नाही. मत्तय ४:१५-१६ मध्ये ९:१-२ येतं आणि थांबतं. लूक १:३२-३३ मध्ये दावीदाच्या सिंहासनाचा प्रतिध्वनी आहे, इतकंच.

'सनातन पिता' पाशी हमखास घसरायला होतं. 'म्हणजे येशू हाच पिता' असं कुणी म्हणालं तर ते सबेलियसचं, म्हणजे पिता आणि पुत्र ही एकाचीच दोन रूपं मानणारं, मत झालं. मंडळीने ते तिसऱ्या शतकातच नाकारलं. यशया २२:२१ वाचून घ्या : एल्याकीम हा कारभारी यरुशलेमच्या रहिवाशांचा 'पिता' होईल असं तिथे म्हटलंय. पिता म्हणजे पालन करणारा राज्यकर्ता, हा अर्थ यशयाच्याच पुस्तकात आहे.

शेवटच्या वीस मिनिटांत येशूचं नाव घ्या, पण सारा भार या एका वचनावर टाकू नका. ख्रिस्ताच्या देवत्वाची श्रद्धा नव्या करारात दुसरीकडून उभी राहते : मार्क १२:३५-३७ मधलं स्तोत्र ११०, मार्क १४:६२ मध्ये त्याच्या जोडीला दानीएल ७:१३, पुनरुत्थानानंतर शिष्य थोमाचे उद्गार (योहान २०:२८). मंडळीच्या नायसिया परिषदेने ३२५ मध्ये तिला सूत्राचं रूप दिलं. ही श्रद्धा घेऊन मंडळी यशयाकडे परतली, तेव्हा तिला ९:६ असं दिसलं. हा क्रम उलटा सांगितला की पहिल्याच यहुदी आक्षेपाला वर्ग गप्प होतो.

'हे वचन ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसडलं नसेल कशावरून?' असं विचारलं गेलं तर मृत समुद्राजवळच्या कुमरानची यशयाची मोठी गुंडाळी सांगा. ती १९४७ मध्ये सापडली, ख्रिस्ताच्या शंभरेक वर्षं आधीची आहे आणि हे वचन तिच्यात आहे.