श्टुटगार्टला शिकायला येताय? विचारायची सवय लावून घ्या

जर्मनीत मास्टर्सला निघालेली मुलं मला बहुतेक वेळा कागदपत्रांबद्दल विचारतात. त्याची उत्तरं सोपी आहेत. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, वेळेत काढा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, दाखवावे लागतात. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे ऐकून श्टुटगार्ट निवडलं असेल, तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, ते धरून चाला. भाडी चढी आहेत, म्हणून प्रवेशपत्र हातात पडलं की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज करा. घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो.

हे सगळं कुणीही सांगेल. मला बोलायचंय ते इथे आल्यावर आपण स्वतः किती बदलतो, त्याबद्दल.

पुण्यात इंजिनिअरिंग करताना सबमिशन, टर्म वर्क, ओरल यांनी वर्षभर आपल्याला हाकत नेलेलं असतं. इथे तसं कुणी मागे लागत नाही. लेक्चरला गेलात काय, न गेलात काय, बहुतेक विषयांत हजेरी नाही. बऱ्याच विषयांत सगळी श्रेणी शेवटच्या एका लेखी परीक्षेवर. त्या परीक्षेची नोंदणीही ठरलेल्या मुदतीत आपणच ऑनलाइन करायची. श्रेणींत १.० सर्वांत उत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. परत बसायच्या संधी मोजक्या असतात, आणि त्या संपल्या तर प्रवेशच जाऊ शकतो. आपल्याकडच्या केटीसारखी ती गोष्ट नाही. आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली पहिल्याच आठवड्यात वाचून काढा. जर्मनमध्ये असली तरी शब्दकोश घेऊन बसा.

पण कुणी मागे लागत नसलं, तरी विचारलं की सांगतात. मला घडवलं ते या गोष्टीनं. निकालानंतर एक दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. पहिल्या खेपेला मी निम्मा वेळ गप्पच होते. एचओडींच्या केबिनबाहेर ताटकळत वाढलेल्या मुलीला ‘इथे गुण का कापले?’ हे विचारणं म्हणजे उद्धटपणाच वाटत होता. शेवटी विचारलं. तपासणाऱ्या असिस्टंटनं माझं उत्तर पुन्हा वाचलं, पद्धत कुठे सुटली ते कागदावर मांडून दाखवलं. गुण वाढले नाहीत. पण फायहिंगनच्या कॅम्पसवरून एस-बानच्या (लोकल ट्रेनच्या) स्टेशनकडे जाताना मला फार मोकळं वाटत होतं. त्यानंतर प्राध्यापकांना ईमेल लिहायला, थिसिसचा विषय बदलून मागायला, मीटिंगमध्ये ‘मला हे पटलं नाही’ म्हणायला मी कचरले नाही.

हाच धडा जिन्यातही मिळाला. या भागात ‘केरवोखं’ची जुनी पद्धत आहे: बऱ्याच इमारतींत जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्यानं फिरते, पाळी ज्याची त्याच्या दारावर पाटी लागते. शेजारच्या वयस्क बाईंनी पहिल्या आठवड्यातच मला थांबवून सांगितलं, ‘तळघराच्या पायऱ्याही यात येतात.’ आवाज चढवला नाही, आडून टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी भेटल्या तेव्हा हसून बोलल्या. मनात काही न ठेवता असं तोंडावर सांगता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

डिसेंबर मात्र जड जातो. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, रविवारी दुकानं बंद. त्या दिवसांत आपली माणसं हवीतच. मराठी मुलांबरोबर पोहे करा, गणपतीला जमा. पण चोवीस तास त्यांच्यातच राहिलात तर जर्मन येणार नाही, आणि इंग्रजीतून शिकलात तरी नोकरीच्या मुलाखतीत जर्मन आडवं येतंच. मी संध्याकाळी माइलँडर प्लात्सच्या शहर वाचनालयात जाऊन बसायचे. आतून सगळं पांढरं, मजल्यांवर मजले पुस्तकं, रात्री नऊपर्यंत उघडं. तिथे ओळखी झाल्या, एकमेकींची भाषा शिकायला जोडीदार मिळाली. मन फारच खचलं तर विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन असतं. तिथेही लाज न बाळगता विचारा.

सगळ्यांत अवघड होतं ते घरी सांगणं. इंटर्नशिपसाठी एक सेमिस्टर वाढवायचं मी ठरवलं. इथे पुष्कळजण असं करतात, पण आमच्याकडे ‘दोन वर्षांचा कोर्स’ नातेवाइकांना सांगून झाला होता. पूर्वीची मी कारणं शोधत बसले असते. या वेळी खर्चाचा हिशेब समोर ठेवला आणि फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘फी किती वाढेल?’ मी म्हटलं, ‘दीड हजार युरो. ते मी इंटर्नशिपच्या पगारातून भरणार आहे.’