पॉप-अप ट्रक कॅम्पर घ्यायचा का? आधी हे बघा

अमेरिकेत पिकअप असेल आणि हौद्यावर पॉप-अप कॅम्पर (छप्पर वर उचलून आत झोपता येईल अशी, कापडी भिंतींची छोटी खोली) बसवायचा विचार चालू असेल तर कॅम्पर बघायला जाण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा, तिथे चौकटीवर पेलोडचा, म्हणजे माणसं-सामान धरून गाडी किती वजन पेलते त्याचा, स्टिकर असतो, त्यावरचा आकडा लिहून घ्या. त्यातून कॅम्परचं वजन, तुम्ही सगळे, फ्रिज, बॅटरी, सामान आणि पाणी वजा करा. पाणी लोक हमखास विसरतात, एक गॅलन म्हणजे 8.3 पाउंड, 20 गॅलनची टाकी भरली की 166 पाउंड तिथेच गेले! टोयोटा टॅकोमासारख्या मिडसाइज पिकअपमध्ये हे गणित पटकन बिघडतं, आणि डीलर सांगतो ते वजन बरेचदा रिकाम्या कॅम्परचं असतं.

फायदा खरा आहे. छप्पर खाली असलं की वारा कमी लागतो, झाडाच्या फांद्या अडत नाहीत, कच्च्या रस्त्यावर गाडी कमी डोलते, शिवाय मागे ट्रेलर ओढायची कटकट नाही.

पण भिंती कापडी, त्यामुळे थंडीत हीटर लागतोच, रात्री आतून पाणी सुटतं आणि सकाळी ओलं कापड तसंच मिटलं तर बुरशी धरते, घरी आल्यावर परत उघडून वाळवावंच लागतं. आणि अस्वलं! यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कात (राहायच्या गाड्या लावायच्या तळावर) अस्वलांमुळे कापडी भिंतीवाल्यांना प्रवेशच नाही, म्हणून बुकिंगआधी नियम वाचा.

माझं मत विचाराल तर दोघं असाल, रोज जागा बदलत फिरणार असाल तर घ्या. पोरंबाळं, आजीआजोबा सोबत असतील तर नकोच, आणि घ्यायच्या आधी एकदा भाड्याने घेऊन पावसात राहून बघा.