डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये एचटीएमएल दाखवताना स्टाइल का गायब होते?

क्यूटीमध्ये (डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) मदतीचं पान किंवा रिपोर्ट दाखवायचा असेल, तर थेट वेबइंजिन (वेब पानं दाखवणारा क्यूटीचा भाग) जोडू नका. त्यासोबत अख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) येतं आणि अ‍ॅपचा आकार भलताच फुगतो. ठळक अक्षरं, रंग, साधे टेबल, लिंक एवढ्यासाठी क्यूटेक्स्टब्राउझर हा क्यूटीचा साधा विजेट (खिडकीतला घटक) पुरेसा आहे.

फक्त एक लक्षात ठेवा: त्याला एचटीएमएल ४ आणि सीएसएस (पानाची स्टाइल लिहायची भाषा) २.१ चा काही भागच कळतो. फ्लेक्सबॉक्स, ग्रिड, जावास्क्रिप्ट यातलं काहीच चालत नाही. मांडणी टेबलनेच करा.

आता खरी गोम. स्टाइलशीट विजेटच्या आतल्या डॉक्युमेंटला सेटडिफॉल्टस्टाइलशीट या फंक्शनने द्यायची, आणि तीही मजकूर भरणाऱ्या सेटएचटीएमएलच्या आधी. क्रम उलटा झाला तर एररही येत नाही आणि स्टाइलही लागत नाही, कारण आधीच भरलेल्या मजकुराला ती लागूच होत नाही. म्हणून डार्क थीमसाठी रंग बदलले, की सेटएचटीएमएल पुन्हा बोलवावं लागतं. विजेटची सेटस्टाइलशीट वेगळी, ती विजेटच्या स्वतःच्या दिसण्यासाठी. तिथे एच१ किंवा पी या एचटीएमएल टॅगचे नियम लिहून उपयोग नाही.

चित्रं दिसत नसतील तर सेटसर्चपाथ्सने फोल्डर सांगा. लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायला सेटओपनएक्स्टर्नललिंक्स ट्रू करा. वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर मात्र टूएचटीएमएलएस्केप्डमधून (त्यातली < सारखी चिन्हं टॅग न ठरता साधी अक्षरं होतात) काढल्याशिवाय एचटीएमएलमध्ये कधीही जोडू नका.

आधुनिक सीएसएस हवीच असेल तर वेबइंजिनचा क्यूवेबइंजिनव्ह्यू हा विजेट घ्या. त्याच्या सेटएचटीएमएलला २ एमबीची मर्यादा आहे. त्याहून मोठा रिपोर्ट फाइलमध्ये लिहून लोड करा.