स्वाहिली म्हणी मराठीत आणताना या चुका टाळा

केनिया आणि टांझानियाच्या किनाऱ्यावर म्हणीला 'मेथाली' म्हणतात. या मेथाली मराठीत आणताना बहुतेक चुका घाईने होतात, आणि घाईबद्दलचीच एक म्हण त्यांत सर्वाधिक फसवी आहे. 'हराका हराका हाइना बराका' यातील 'बराका' म्हणजे आपली बरकतच असल्यामुळे 'हराका' म्हणजेही आपली हरकत असावी, असे सहज वाटते. मूळ अरबी शब्द एकच असून त्याचा अर्थ हालचाल असा आहे. मात्र मराठीत येताना तो आक्षेप झाला आणि स्वाहिलीत घाई. तेव्हा म्हणीचा अर्थ 'घाईघाईच्या कामाला बरकत नसते' असा होतो. ओळखीचा वाटणारा शब्द आधी तपासावा, हे मला इथे फार महत्त्वाचे वाटते.

दुसरी चूक शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलण्याची. 'म्गेमा अकिसिफिवा तेम्बो हुलितिया माजी' या म्हणीतला 'तेम्बो' म्हणजे हत्ती, असे कोशात आढळते आणि मग कोणाची तरी स्तुती झाली की हत्तीवर पाणी ओतले जाते, असा विचित्र अर्थ निघतो. अशा वेळी क्रियापदाकडे पाहावे. हत्ती सजीव असल्यामुळे क्रियापदात 'हुम्तिया' असे रूप आले असते. 'हुलितिया'मधला 'लि' सांगतो की इथे तेम्बो म्हणजे माडी आहे. माडी काढणाऱ्याची वाहवा झाली की तो माडीत पाणी घालतो, असा म्हणीचा अर्थ असून स्तुतीने कामाचा कस उतरतो, हे शहाणपण त्यात आहे. माडावर चढणारी माणसे पाहिलेल्या कोकणातल्या वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. म्हणून 'माडी'च्या जागी 'दारू' हा ढोबळ शब्द घालू नये.

'म्चुमिया जुआनी हुलिया किवुलिनी' इथेही असाच सापळा आहे. 'कुलिया' म्हणजे रडणे, पण 'कुला', म्हणजे खाणे, या धातूपासूनही तेच रूप बनते. उन्हात राबून पीक गोळा करणारा सावलीत बसून खातो. सावलीत रडत नाही.

सरसकट मराठी म्हण चिकटवणे ही तिसरी चूक. 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा' हिला 'थेंबे थेंबे तळे साचे' जवळची आहे खरी, पण किबाबा हे धान्य मोजण्याचे माप आहे आणि तळ्याच्या पाण्यात ते हरवून जाते. 'थोडे थोडे टाकून मापटे भरते' असे लिहून नंतर मराठी म्हणीची आठवण करून द्यावी.

संदर्भ तोडला तर अर्थ उलटतो. 'म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे', म्हणजे पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या, ही म्हण पाहुण्याला हाकलण्यासाठी वापरली जाते, असे समजणे चूक आहे. टांझानियाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांनी 1962 मधील 'उजामा'वरील, म्हणजे कुटुंबभावनेवर उभ्या समाजवादावरील, निबंधात ती वापरली, ती समाजात प्रत्येकाने श्रम करावेत हे सांगण्यासाठी. कुदळ मिळण्याआधी पाहुणा स्वतःच ती मागेल, अशी त्यांची धारणा होती.

शेवटी, झांझिबारहून कांगा हे वस्त्र भेट म्हणून आणणाऱ्यांसाठी एक सूचना. कांगावर छापलेला मजकूर कधी आशीर्वाद असतो, तर कधी शेजारणीला वा सवतीला मारलेला टोमणा. त्यामुळे सासूबाईंसाठी घेण्यापूर्वी दुकानदाराकडून त्याचा अर्थ नीट विचारून घ्यावा.