नेटवर्कची स्थिती बाहेरच्या संकेतस्थळावर कशी दाखवावी

बडोद्यात दांडिया बाजारातलं एक वाचनालय, कारेलीबागेतली त्याची अभ्यासिका आणि मांजलपूरचं मुलींचं वसतिगृह, अशा तीन जागांचं नेटवर्क मी बघतो. परीक्षा जवळ आल्या की संध्याकाळी फोन सुरू होतात. "काका, नेट सगळीकडे गेलंय का आमच्याच खोलीत नाहीये?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर आमच्या निरीक्षणाच्या संगणकाला ठाऊकही असतं, पण तो बसलाय वाचनालयाच्या आत. नेट गेलं की बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायची सोयच उरत नाही. म्हणून स्थिती सांगणारं पान त्या नेटवर्कच्या बाहेर, कुठल्यातरी होस्टिंगवर (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) ठेवायचं आणि एका छोट्या स्क्रिप्टने, म्हणजे आज्ञांच्या फाइलने, ते ताजं ठेवायचं. कुठल्याही लिनक्स यंत्रावर हे जमतं, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा साधा संगणकही पुरतो.

पहिली पायरी: काय दाखवायचं ते ठरवा

सभासदांना फक्त त्यांच्या कामापुरतं हवं असतं: वाचनालयाचा वाय-फाय, अभ्यासिकेचं कनेक्शन, वसतिगृहाचं कनेक्शन. आतले आयपी पत्ते, राउटरचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती यातलं काहीही बाहेर जाऊ देऊ नका. चुकीच्या माणसाला त्यातून आयता नकाशा मिळतो. याच कारणासाठी नागिओस किंवा झॅबिक्स या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा पडदा जगाला उघडा करू नये. त्यातल्या चार ओळी काढून वेगळं पान बनवावं.

दुसरी पायरी: तपासणी

काहीच बसवलेलं नसेल तर पिंगपासून सुरुवात करा; समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते ही आज्ञा बघते. १९८३ साली माइक मूस यांनी लिहिलेलं हे साधन आजही या कामाला पुरेसं आहे. प्रत्येक ठिकाणी ३ पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) पाठवा आणि उत्तराची वाट २ सेकंदांपर्यंतच बघा. लिनक्सवर एकाही पाकिटाचं उत्तर आलं तर पिंग ० हा निकाल परत देतं, एकही आलं नाही तर १. स्क्रिप्टने तेवढंच बघायचं, छापलेला मजकूर वाचत बसायचं नाही. एका पाकिटावर निर्णय घेऊ नका. वाय-फायवर एखादं पाकीट हरवणं रोजचंच आहे, आणि पान उगाच लाल-हिरवं होत राहिलं की लोक त्याच्याकडे बघायचं सोडतात.

नागिओस आधीपासून असेल तर पुन्हा पिंग कशाला? त्याच्या स्थितीच्या फाइलमध्ये प्रत्येक यंत्राची ताजी अवस्था आकड्यात असते. यंत्रासाठी ० म्हणजे चालू, १ म्हणजे बंद, २ म्हणजे तिथवर पोचता येत नाही. सेवांचे आकडे मात्र वेगळे आहेत, तिथे १ म्हणजे नुसता इशारा आणि २ म्हणजे गंभीर. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

तपासण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी त्या जागेचा मुख्य राउटर, मग त्याच्या पलीकडचं सगळं. राउटरच बंद असेल तर मागच्या दहा गोष्टी बंद दाखवून लोकांना घाबरवण्यात अर्थ नाही, "मुख्य राउटर बंद" एवढी एक ओळ पुरते.

तिसरी पायरी: फाइल लिहा

निकाल एका छोट्या जेसॉन फाइलमध्ये (पानाला सहज वाचता येणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) लिहा: ठिकाणाचं नाव, चालू की बंद, ही अवस्था कधीपासून आणि तपासणी कधी झाली. वेळ युनिक्सच्या पद्धतीने, १९७० पासूनच्या सेकंदांत ठेवा, म्हणजे भारतीय आणि जागतिक वेळेतल्या साडेपाच तासांचा घोळ होत नाही. ब्राउझरमध्ये पान चालवणारी जावास्क्रिप्ट वेळ मिलिसेकंदांत मोजते, तेव्हा पानावर त्या आकड्याला १००० ने गुणायला विसरू नका.

चौथी पायरी: बाहेर पाठवा

बरेच जण आधी राउटरवर पोर्ट उघडून बाहेरच्या सर्व्हरला आत बोलवायला जातात. तसं करू नका. एक तर दार उघडं राहतं. दुसरं म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने १०० बिंदू ६४ ने सुरू होणाऱ्या गटातला सामायिक पत्ता दिला असेल, तर पोर्ट उघडूनही बाहेरचा माणूस आत येऊच शकत नाही. आतल्या यंत्रानेच फाइल बाहेर ढकलावी.

होस्टिंगवर एसएसएच (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी) मिळत असेल तर फाइली पाठवणारं आरसिंक वापरा. ते आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलतं, त्यामुळे कोणाला अर्धवट फाइल दिसत नाही. फक्त एसएफटीपी (त्याच जोडणीवरून फाइल चढवण्याची सोय) असेल तर हेच काम स्क्रिप्टमध्ये स्वतः करा: वेगळ्या नावाने चढवा, मग नाव बदला. साधं एफटीपी टाळाच, त्यात पासवर्ड उघडा जातो.

स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या क्रॉनला पासवर्ड टाइप करता येत नाही, म्हणून बिनपासवर्डची एसएसएच किल्ली लागते. ती फक्त याच कामासाठी बनवा. सर्व्हरवरच्या किल्ल्यांच्या यादीत ती नोंदवताना तिच्या ओळीत आरसिंकसोबत मिळणारी आरआरसिंक ही स्क्रिप्ट सक्तीची करा आणि एकाच फोल्डरमध्ये फक्त लिहिण्याची परवानगी द्या. उद्या वाचनालयातलं यंत्र कोणी उचलून नेलं तरी त्या किल्लीने तुमचं बाकीचं संकेतस्थळ उघडत नाही.

पाचवी पायरी: क्रॉन

स्क्रिप्ट दर ५ मिनिटांनी चालवा. क्रॉनला तुमच्या टर्मिनलचे सगळे मार्ग माहीत नसतात, म्हणून प्रत्येक आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहा. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये गप्प बसते ती बहुतेक वेळा यामुळेच. आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून एफलॉक ही कुलूप घालणारी आज्ञा लावा.

सहावी पायरी: पान खरं बोलतंय ना?

इथे घाई करू नका, कारण सगळ्या खटाटोपाचं मोल याच पायरीवर ठरतं. वाचनालयाचं नेट गेलं की स्क्रिप्टचाही बाहेरचा रस्ता बंद होतो. "बंद" हा निकाल पोचतच नाही आणि होस्टिंगवर ५ मिनिटांपूर्वीचं हिरवं तसंच राहतं. नेमक्या ज्या वेळेसाठी पान बनवलं त्याच वेळी ते चुकीचं सांगतं.

उपाय असा, की पानाला दोन नाही, तीन अवस्था हव्यात. फाइलमधली तपासणीची वेळ आताच्या वेळेपेक्षा १५ मिनिटांहून जुनी असेल तर जावास्क्रिप्टने हिरवा-लाल काहीही न दाखवता राखाडी रंग लावावा आणि असं लिहावं: "सकाळी १०:४० नंतर वाचनालयाकडून माहिती आलेली नाही. तिथलं नेट किंवा वीज गेलेली असू शकते." आताची वेळ बघणाऱ्याच्या फोनवरून घेण्यापेक्षा सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या तारखेच्या हेडरमधून घ्या, फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं. पानाचा मूळ मजकूरही "माहिती मिळालेली नाही" असाच ठेवा. म्हणजे जावास्क्रिप्ट चाललीच नाही तरी खोटं हिरवं दिसणार नाही. ब्राउझरने जुनी फाइल साठवून ठेवू नये म्हणून जेसॉनच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन दरवेळी नवा आकडा जोडा.

रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते मागे राहतं. वेळ जुळल्याची खात्री करूनच स्क्रिप्टने फाइल लिहावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा वीज जाणं म्हणजे काय ते बडोद्याने पाहिलंच आहे. अशा दिवशी राखाडी पान हेच खरं उत्तर असतं.

होस्टिंगवर क्रॉन मिळत असेल तर तिथेही एक ओळ टाका: फाइल १५ मिनिटांहून जुनी झाली की तुम्हाला ईमेल. फाइल शोधणाऱ्या फाइंड आज्ञेला मिनिटांचा पर्याय आहे, तेवढ्याने भागतं. एकदा मेल गेल्याची खूण ठेवणारी फाइल बनवा, नाहीतर दर फेरीला मेल येत राहील.

सातवी पायरी: तोडून बघा

अभ्यासिकेकडे जाणारी केबल काढा, त्या ओळीवर लाल दिसायला हवं. मग वाचनालयाच्या मुख्य राउटरची बाहेरची केबल काढा, १५ मिनिटं थांबा आणि फोनचा वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघडा. राखाडी दिसलं तरच काम झालं. केबल परत लावल्यावर पान आपोआप हिरवं होतंय का तेही बघा. मग पानाचा क्यूआर कोड छापून सूचनाफलकावर लावा आणि खाली मोठ्या अक्षरात लिहा: "मोबाइल डेटावर उघडा."