छत बदलायचे की दुरुस्त करायचे? निर्णय घेताना या चुका टाळा

पावसाळा ओसरला की नागपुरात घरोघरी छताची चर्चा सुरू होते. वरच्या मजल्यावरील खोलीत ओल आलेली असते, प्लास्टरचे पोपडे पडलेले असतात, आणि एक जण सांगतो की स्लॅब गेला, आता पाडूनच टाका. दुसरा सांगतो की वरून एक कोटिंग मारा, दहा वर्षे बघायला नको. हे दोन्ही सल्ले बहुधा छत एकदाही ठोकून न पाहता दिलेले असतात. छत बदलण्याचा निर्णय ते गळते की नाही यावर घ्यायचा नसून, भार पेलणारा भाग, म्हणजे स्लॅबमधील सळया, कवेलूंखालील लाकूड किंवा पत्र्यांखालील लोखंडी अँगल, किती शाबूत आहे यावर घ्यायचा असतो. गळके छत पुष्कळदा थोडक्यात दुरुस्त होते, आणि थेंबभरही न गळणारे छत धोकादायक असू शकते.

ओल दिसली की छतालाच दोष देणे

पहिला प्रश्न असा विचारावा की ओल नेमकी कोणत्या महिन्यात वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये वाढत असेल तर संशय गच्चीवर घ्यावा. मात्र एप्रिल-मेमध्ये, आकाशात ढगही नसताना डाग पसरत असेल, तर नागपुरातील पहिला संशयित कूलर असतो. गच्चीवर किंवा छज्जावर ठेवलेल्या कूलरच्या टाकीतून ठिबकणारे पाणी उन्हाळाभर काँक्रीटच्या एकाच कोपऱ्यात मुरत राहते, आणि त्याचा परिणाम खालच्या खोलीत दिसेपर्यंत कूलर झाकून ठेवण्याची वेळ आलेली असते. बाराही महिने सारखीच राहणारी ओल मात्र पाण्याच्या टाकीकडून, तिच्या ओव्हरफ्लोच्या नळीकडून किंवा भिंतीत गाडलेल्या पाइपकडून येत असण्याची शक्यता अधिक असते.

गच्चीची खात्री करण्याचा जुना उपाय आजही उत्तम आहे. पाणी उतरण्याची तोंडे बंद करून गच्चीवर साधारण २५ मिलिमीटर पाणी ४८ तास साठवावे आणि खालून छताचे निरीक्षण करावे. छत कोरडे राहिले आणि ओल तरीही भिंतीच्या वरच्या भागातच असली, तर कठड्याच्या भेगा व कठडा गच्चीला मिळतो तो सांधा तपासावा. तेथे पुन्हा गोलाई (सांध्यात भरलेला गोलसर सिमेंटचा थर) करून घेतल्याने अनेकदा काम भागते. छतावरून किंवा छज्जावरून सळया आधीच उघड्या पडल्या असतील, तर हा प्रयोग अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये, कारण २५ मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलो जादा भार होय.

प्रत्येक भेग छताची समजणे

भिंत आणि स्लॅब यांच्या सांध्यावर सरळ आडवी भेग दिसली की लोक घाबरतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात गच्चीचा पृष्ठभाग दिवसा भाजून निघतो आणि रात्री निवतो. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान ३० अंशांनी बदलले तर त्याची लांबी सुमारे ३ मिलिमीटरने बदलते, आणि भिंत तितकी हलत नसल्याने सांध्यावर भेग पडते. गच्चीला पांढरा परावर्तक लेप किंवा चायना मोझेक (पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर) केल्यास हा ताण कमी होतो. केवळ अशा भेगेसाठी छत पाडणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढणारी, उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटत जाणारी भेग वेगळी गोष्ट सांगते. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकल्यावर आकसते; तिच्यावर उथळ पाया घातलेले घर वर्षभर थोडे थोडे हलत राहते. येथे दोष पायाचा असतो, आणि नवा स्लॅब टाकला तरी एकदोन उन्हाळ्यांत तीच भेग परत येते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवावी आणि निदान एक उन्हाळा व एक पावसाळा तिच्यावर लक्ष ठेवावे.

पांढऱ्या डागाने घाबरणे, तपकिरी डागाकडे दुर्लक्ष करणे

निदान चुकते ते बहुतेक वेळा येथे. छताला खालून पांढरे क्षार फुटले तर त्याचा अर्थ इतकाच की काँक्रीटमधून पाणी झिरपत आहे. पाण्याची वाट बंद केली की तो प्रकार थांबतो. तपकिरी डाग, विशेषतः एका सरळ रेषेत उमटलेला आणि त्याच रेषेत बारीक भेग असलेला, हा सळई गंजत असल्याचा पुरावा असतो. नव्या काँक्रीटमधील तीव्र अल्कधर्मी गुणामुळे लोखंडावर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत गेला की हा गुण कमी होतो, आणि हा गुण गमावलेला थर सळईपर्यंत पोहोचला की ओलाव्याच्या साथीने गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे सळईखालचे काँक्रीट ढकलले जाऊन पडते. म्हणून पडलेल्या जागी नुसते सिमेंटचे प्लास्टर थापणे, हा सर्वांत जास्त केला जाणारा उपाय, सर्वांत निरुपयोगी ठरतो. आतील गंज तसाच वाढतो आणि नवे प्लास्टर मोठा तुकडा घेऊन खाली येते.

काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या १९७८ च्या भारतीय मानक ४५६ मध्ये स्लॅबच्या सळईखाली किमान १५ मिलिमीटर काँक्रीट पुरेसे मानले होते. २००० च्या आवृत्तीत ते सौम्य परिस्थितीसाठी २० मिलिमीटर झाले. प्रत्यक्ष कामावर तेवढेही राखले जात नसे. त्यामुळे १९८०च्या आसपासची घरे आज या अवस्थेला पोहोचलेली दिसली तर आश्चर्य मानू नये. ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याची तरतूद महापालिका कायद्यातही आहे.

घरमालकाने स्वतः करण्यासारखी तपासणी सोपी आहे. लहान हातोडीने किंवा लाकडी दांड्याने संपूर्ण छत खालून, बाजूला उभे राहून व डोक्यावर हेल्मेट घालून, हळूहळू ठोकावे आणि जेथे पोकळ आवाज येतो त्या जागा खडूने आखाव्यात. न्हाणीघराखालचा एखादा कोपरा तेवढा पोकळ असेल तर दुरुस्ती पुरेशी ठरण्याची शक्यता मोठी असते. खोलीच्या मध्यभागासह जागोजागी पोकळ आवाज येत असेल, तर मात्र दुरुस्तीचे दर विचारण्यापूर्वी अभियंत्याला बोलवावे. तो एखादी सळई उघडी करून, गंज घासून तिचा व्यास मोजतो. ८ मिलिमीटरची सळई ७ मिलिमीटर उरली तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण तिचे छेदक्षेत्र जवळपास २३ टक्क्यांनी घटलेले असते. काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचे रसायन शिंपडले की सुरक्षित भाग गुलाबी होतो आणि अल्कधर्मी गुण गमावलेला भाग रंगहीन राहतो. ही स्वस्त चाचणी अवश्य मागावी. अभियंत्याच्या उपकरणाने होणारी हातोडा चाचणी (रिबाउंड हॅमर) आणि ध्वनिलहरींची अल्ट्रासॉनिक चाचणी काँक्रीटच्या दर्जाचा अंदाज देतात, पण सळईच्या अवस्थेबद्दल त्या फारसे सांगत नाहीत, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे.

झोल, म्हणजे छत मध्यभागी किती खाली वाकले आहे, हे पाहण्यासाठी समोरासमोरच्या भिंतींमध्ये छतालगत सुतळी ताणून मध्यावरील अंतर मोजावे. मानकानुसार एकूण झोल दोन भिंतींमधील अंतराच्या २५०व्या भागापर्यंत चालतो, म्हणजे ३ मीटरच्या खोलीत १२ मिलिमीटर. सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटखालचे तात्पुरते टेकू व फळ्या) खचल्यामुळे काही स्लॅब जन्मापासूनच झोललेले असतात, म्हणून एका मोजमापावर निर्णय घेऊ नये. सहा महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर आकडा वाढलेला दिसला तर ती गंभीर बाब आहे.

छज्जा आणि गॅलरी यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. एका बाजूने लोंबत्या असलेल्या या भागांत मुख्य सळया वरच्या बाजूस असतात, आणि सगळे लोक पाहतात खालून. भिंतीलगत वरच्या पृष्ठभागावर लांब भेग असेल तर त्याखाली उभे राहणेही टाळावे, कारण छज्जा आधी झोल देऊन सूचना करीलच असे नाही. कूलर ठेवण्यासाठी त्याचा वापर करू नये, हे वेगळे सांगायला नको.

थरावर थर चढवणे

गळती थांबली नाही की जुन्या कोब्यावर (गच्चीवरील जलरोधक थरावर) नवा कोबा टाकण्याची पद्धत आहे. १० सेंटिमीटर जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो, तर वावर असलेल्या गच्चीसाठी माणसे व सामान मिळून सर्वसाधारणपणे १५० किलोच धरलेले असतात. म्हणजे दुसरा कोबा टाकणारा मालक गच्चीवर कायमची गर्दी उभी करतो. जुना थर काढण्याचा खर्च आणि त्रास खरा आहे, पण तो टाळून स्लॅब वाचवता येत नाही. १००० लिटरची भरलेली टाकीही एक टनाची असते. ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीवर किंवा बीमवर येईल अशी ठेवावी.

कवेलू आणि पत्र्यांच्या बाबतीत

शहराच्या महाल-इतवारी भागातील जुन्या कवेलूंच्या घरांत फुटलेली कवेलू हे छप्पर बदलण्याचे कारण नव्हे. वानरांनी उड्या मारल्या की ती फुटतातच, आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घेतले की प्रश्न मिटतो. पाहायचे ते लाकूड. वासा भिंतीत जेथे शिरतो त्या टोकाला पेचकस दाबून पाहावा. तो सहज आत गेला तर वाळवीने किंवा कुजण्याने टेकच गेला आहे, मग वरची कवेलू कितीही नीट असोत. टिनपत्र्यांची गळती बहुधा उन्हाने कडक झालेल्या बोल्टच्या वॉशरमधून होते आणि वॉशर बदलून थांबते, पण पत्रे एकमेकांवर चढतात तेथे गंज आरपार गेला असेल तर पत्रा बदलावा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ते करवतीने कापू नयेत, कोरडे फोडू नयेत, आणि त्यांवर थेट पाय ठेवू नये.

कवेलू काढून स्लॅब टाकण्याचा बेत असेल तर आधी भिंतींचा विचार करावा. इंग्रजी (मंगलोरी) कवेलूंचे छप्पर पट्ट्यांसकट दर चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरते, तर १२ सेंटिमीटरचा स्लॅब ३०० किलो. मातीच्या जुडाईच्या भिंती हा भार पेलतील असे गृहीत धरता येत नाही, आणि सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याचे घरही त्यात येते.

पावसाच्या भीतीने मे महिन्यात स्लॅब टाकणे

छत बदलायचेच ठरले तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मे महिन्यात ताज्या काँक्रीटमधील पाणी काही तासांत उडते आणि पृष्ठभागावर भेगांचे जाळे उमटते. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारावे लागते. फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेल्या सिमेंटला, आणि बाजारात आज तेच अधिक मिळते, किमान १० दिवस, व कोरड्या उष्ण हवेत १४ दिवस मारावे अशी शिफारस आहे. टँकरच्या दिवसांत एवढे पाणी कोठून येणार याचा हिशेब काम ठरवण्यापूर्वीच करावा. साडेचार मीटरपर्यंतच्या अंतराच्या स्लॅबखालील टेकू साध्या सिमेंटच्या काँक्रीटसाठी ७ दिवसांपूर्वी आणि त्याहून मोठ्या अंतरासाठी १४ दिवसांपूर्वी काढू देऊ नयेत. मिश्र सिमेंट असेल किंवा थंडीत काम झाले असेल तर अभियंत्याला विचारून मुदत वाढवावी, सेंट्रिंगवाला साहित्य दुसऱ्या कामावर न्यायची घाई करीत असला तरीही.