रात्रीच्या पायवाटेसाठी हेडलॅम्प निवडताना
खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे दिव्याचा एकूण प्रकाश मोजणाऱ्या एककाचा, मोठा आकडा पाहून हेडलॅम्प (कपाळावर बांधायचा दिवा) घेऊ नये, कारण एएनएसआय एफएल-१ या हातदिवे व हेडलॅम्पसाठीच्या अमेरिकी मानकानुसार तो आकडा दिवा लावल्यानंतरच्या ३० ते १२० सेकंदांतला असतो आणि पुढे तापलेला शक्तिशाली दिवा बहुधा आपोआप मंद होतो. बॅटरीचा काळही प्रकाश १० टक्क्यांवर उतरेपर्यंत मोजलेला असतो. म्हणून प्रकाशाच्या मधल्या पातळीवर दिवा किती तास चालतो, हे आधी पाहावे. मळलेल्या वाटेवर माझ्या मते २०० ते ३०० ल्युमेन पुरतात. वाट शोधायची असेल, तरच लांब झोताचा दिवा घ्यावा. धुक्यात मात्र कपाळावरचा झोत डोळ्यांसमोर पांढरी भिंतच उभी करतो, तेव्हा दिवा काढून कमरेजवळ धरावा. घेण्यापूर्वी हातमोजे घालून बटण दाबून पाहावे.